फिल्म उघडण्याआधी: कण्याची तपासणी नव्याने शिकणाऱ्यांसाठी

सोलापुरात पाठदुखीचा रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या हातात एमआरआय-एक्स-रेच्या फिल्मची एक मोठी प्लास्टिकची पिशवी असते. खुर्चीवर टेकण्याआधीच तो ती पुढे करतो आणि म्हणतो, "मणक्यात गॅप आहे म्हणालेत," किंवा "गादी सरकलीय, नस दबलीय." नुकत्याच रुग्ण तपासू लागलेल्या इंटर्नचा किंवा फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याचा हात साहजिकच त्या पिशवीकडे जातो. तो हात थोडा वेळ थांबावा, यासाठी हा लेख आहे. पिशवी टेबलावर तशीच राहू द्या. रुग्णाचे ऐका, त्याला तपासा, दोष कोणत्या पातळीवर असावा याचा अंदाज कागदावर लिहा आणि मगच फिल्म उजेडासमोर धरा.

या आग्रहाला कारण आहे. पाठीचा कसलाही त्रास नसलेल्या ९८ लोकांच्या कंबरेचा एमआरआय काढून पाहिल्याचा एक अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात ज्यांच्या सगळ्या गाद्या निर्दोष निघाल्या असे लोक अवघे ३६ टक्के होते. म्हणजे फुगलेली गादी फिल्मवर दिसली की दुखण्याचे कारण सापडले, असे होत नाही. दिसणाऱ्या दोन-तीन दोषांपैकी नेमका कोणता या माणसाला छळतो आहे, हे त्याच्या बोलण्यावरून आणि अंगावरच्या खुणांवरूनच ठरते.

आधी रचना, पण हाताला उपयोगी पडेल एवढी

कण्यात ३३ मणके मोजतात: मानेत ७, पाठीत १२, कंबरेत ५, त्रिकास्थीत (कंबरेखालच्या त्रिकोणी हाडात, सेक्रममध्ये) एकमेकांना जुळून गेलेले ५ आणि माकडहाडात साधारण ४. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमध्ये गादी नसते. तिथून खाली त्रिकास्थीपर्यंत २३ गाद्या असतात. गादीचे बाहेरचे कडे चिवट तंतूंच्या थरांचे असते आणि मध्ये पाणीदार गर असतो. वयानुसार गरातले पाणी कमी होते, गादीची उंची घटते आणि दोन मणके एकमेकांजवळ येतात. रुग्ण ज्याला "गॅप" म्हणतो ते खरे तर अंतर कमी होणे असते. मणके एकमेकांपासून सुटत चालले आहेत अशी भीती मनात धरून कित्येक जण वर्षानुवर्षे वाकायचे टाळतात, म्हणून हा शब्द कानावर पडला की त्याचा अर्थ तिथेच समजावून सांगावा.

यापुढची गोष्ट नवख्यांनी पक्की पाठ करावी अशी आहे. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुपका उरतो, आणि त्यालाच कॉडा इक्विना म्हणतात. त्यामुळे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधील गादीने प्रतिक्षेप (रिफ्लेक्स, म्हणजे हातोडीने ठोकल्यावर स्नायूची आपोआप होणारी हालचाल) मंद होतील किंवा नाहीसे होतील, पण वाढणार नाहीत. पाय कडक असतील, गुडघ्याचा प्रतिक्षेप उसळून येत असेल आणि तळपायावर किल्ली ओढल्यावर अंगठा वर जात असेल, तर कंबरेच्या एमआरआयमध्ये कितीही दोष दिसले तरी तुमचे उत्तर वर आहे, पाठीत किंवा मानेत.

नसा आणि मणके यांच्या क्रमांकांचा मेळ सुरुवातीला गोंधळात टाकतो. मानेत मणके सात असून नसांच्या जोड्या आठ आहेत, कारण तिथे नस आपल्या मणक्याच्या वरून बाहेर पडते आणि आठवी जोडी सातव्या मणक्याखालून निघते. तिथून खाली प्रत्येक नस आपल्या मणक्याच्या खालून निघते. या क्रमांकांत सी म्हणजे मान, एल म्हणजे कंबर आणि एस म्हणजे त्रिकास्थी. कंबरेत एल-४ ची नस तिच्या मणक्याखालच्या गादीच्या पातळीपर्यंत येण्याआधीच वरच्या बाजूने बाहेर पडलेली असते, तर एल-५ ची नस खाली जाताना एल-४ आणि एल-५ यांच्यामधील गादीच्या पाठीवरूनच जाते. म्हणून ती गादी नेहमीप्रमाणे मागे-बाजूला सरकली तर सापडते ती एल-५ ची नस. मानेतही सी-५ आणि सी-६ यांच्यामधली गादी सी-६ लाच दाबते. दोन्हीकडे खालच्या क्रमांकाची नस दबते, कारणे मात्र वेगळी आहेत.

हे सगळे त्वचेवरून ओळखायला शिका. मान पुढे वाकवली की जे टोक सर्वांत ठळक दिसते ते बहुधा सी-७. खांद्याच्या फऱ्याचे खालचे टोक पाठीच्या सातव्या मणक्याच्या आसपास. दोन्ही बाजूंच्या कटिहाडांच्या माथ्यांना जोडणारी रेघ एल-४ जवळून जाते. आणि कंबरेखालच्या दोन खळग्या त्रिकास्थीच्या दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर असतात. वसतिगृहातल्या मित्राच्या पाठीवर स्केचपेनने या खुणा काढून पाहा. एका संध्याकाळचे काम आहे आणि ते जन्मभर पुरते.

रुग्णाचे बोलणे

"काय होतंय?" एवढेच विचारून एक मिनिट गप्प बसा. सोलापुरात हे बोलणे तीन भाषांत येते. पूर्व भागातल्या तेलुगू घरांतील आजी "नडुमु नोप्पी" म्हणेल, विजापूर-गुलबर्ग्याकडून आलेले काका "बेन्नु नोवु" म्हणतील. पाठ, कंबर, दुखणे, मुंग्या, बधिर आणि लघवी एवढ्या शब्दांची तिन्ही भाषांतली चिठ्ठी खिशात ठेवा. मुलगा किंवा सून दुभाषी म्हणून बोलते तेव्हा लघवी-संडासाचे प्रश्न हमखास गाळले जातात आणि नेमके तेच प्रश्न सर्वांत महत्त्वाचे असतात.

दुखणे कंबरेत जास्त की पायात, हे आधी ठरवा. कंबरेतच घुटमळणारे दुखणे बहुधा स्नायू, सांधे किंवा गादीचे असते. नितंबातून मांडीमागून गुडघ्याखाली उतरणारी, खोकल्या-शिंकल्याने वीज चमकल्यासारखी येणारी कळ नस दबल्याची असते. थोडे चालले की दोन्ही पाय जड होतात, बसले किंवा पुढे वाकले की मोकळे होतात, असे साठीपुढचा माणूस सांगत असेल तर नसांची वाट अरुंद झाल्याचा विचार करा. अशा माणसाला सायकल चालवता येते का ते विचारा. सायकलवर तो पुढे वाकलेला असतो, म्हणून त्याला त्रास होत नाही. पण पायाच्या रक्तवाहिन्या आकसल्या असतील तर सायकलवरही पोटऱ्या भरून येतात आणि नुसते उभे राहिले तरी आराम पडतो. विडी-तंबाखूचे व्यसन असलेल्या माणसात हा दुसरा प्रकार विसरू नका आणि पावलावरची नाडी चाचपल्याशिवाय त्याला घरी पाठवू नका.

काम विचारताना "मजुरी" या उत्तरावर थांबू नका. यंत्रमागावर उभा राहणारा कामगार तुटलेला धागा जोडायला दिवसातून असंख्य वेळा कमरेत वाकतो, आणि सुताने भरलेला बीम चढवताना त्याच्या कमरेवर एकदम भार येतो. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून तासन् तास बसते. तिची मजुरी हजार विड्यांमागे असल्याने दुखले म्हणून ती उठत नाही. तिला "आराम करा" असे सांगणे म्हणजे चूल बंद ठेवा असे सांगणे आहे. कोणत्या हालचालीने दुखणे वाढते हे कळले तर सूप मांडीऐवजी पाटावर ठेवणे किंवा ठरावीक विड्या झाल्या की एकदा उभे राहणे, असे जमणारे काहीतरी सुचवता येते.

चाळिशीच्या आतल्या तरुणाला तीन महिन्यांहून अधिक काळ कंबरदुखी असेल, सकाळी अंग अर्धा तासाहून जास्त आखडलेले राहत असेल आणि विश्रांतीने नव्हे, तर हालचालीने बरे वाटत असेल, तर ते दुखणे दाहाचे असू शकते. डोळे लाल होऊन दुखले होते का, घरात कुणाला सोरायसिस आहे का, हेही विचारा. अशी मुले वर्षानुवर्षे "गॅप"च्या नावाखाली गोळ्या खात राहतात.

जे चुकवून चालत नाही

आपल्या भागात पहिला क्रमांक क्षयरोगाचा. मणक्याच्या क्षयाचे वर्णन पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली केले, म्हणून त्याला पॉटचा आजार म्हणतात. तो बहुधा पाठीच्या खालच्या आणि कंबरेच्या वरच्या मणक्यांत बसतो. दोन शेजारच्या मणक्यांच्या कडा आणि मधली गादी पोखरत जाते, पुढचा भाग खचतो आणि मागे टोक येते. रात्री झोप मोडणारे दुखणे, संध्याकाळचा बारीक ताप, उतरलेले वजन आणि मेलेली भूक या चारांपैकी एखादी गोष्ट असली तरी कान टवकारा. ताप नाही म्हणून क्षय नाही, असे मात्र मुळीच नाही.

मी नवखा असताना, एका गर्दीच्या दवाखान्यात, चाळिशीच्या एका विडी कामगार मावशींना दोनदा पाहून दोनदा गोळ्या देऊन पाठवले. त्या स्टुलावर बसल्या होत्या आणि मी पदरावरूनच हात फिरवला होता. तिसऱ्या वेळी त्या भिंत धरून आल्या. तेव्हा आडोसा करून, परिचारिकेला बोलावून, पाठ उघडी करून मी बोट वरून खाली नेले. दोन फऱ्यांच्या खाली एका जागी ते बारीक उंचवट्यावर अडखळले आणि मावशींनी श्वास रोखला. तो उंचवटा पहिल्या भेटीतही तिथे असलाच पाहिजे. औषधे वर्षभराहून अधिक चालली आणि त्या पुन्हा चालू लागल्या. पण मधले ते दोन महिने माझ्यामुळे वाया गेले, आणि त्यानंतर मी कुणाचीही पाठ कपड्यावरून तपासलेली नाही.

दुसरी गोष्ट कॉडा इक्विना दबण्याची. लघवी अडकणे किंवा झाल्याचे न कळणे, गुदद्वाराभोवती आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला, म्हणजे सायकलच्या सीटवर टेकते त्या जागी बधिरपणा, दोन्ही पायांत कळा किंवा अशक्तपणा, यांतले काहीही असले तर रुग्ण उद्यावर टाकायचा नाही. कापसाच्या बोळ्याने त्या जागेची संवेदना पाहा, गुदद्वाराचा ताण बोटाने तपासा आणि लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते ते पाहा. त्याच दिवशी एमआरआय आणि शस्त्रक्रिया करणारा सर्जन मिळेल अशा ठिकाणी त्याला स्वतः फोन करून पाठवा. इथे दिवस नव्हे, तास मोजायचे असतात.

याशिवाय कर्करोगाचा पूर्वेतिहास, दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड, अपघात आणि वाढत जाणारा अशक्तपणा यांबद्दल विचारा. एसटीच्या शेवटच्या बाकावर गतिरोधकाने उसळून "कमरेत कट्‌ झालं" असे सांगणाऱ्या आजींचा मणका दबलेला असतो, असे गृहीत धरूनच पुढे जा. पाठीचा ताठर भाग जिथे संपतो आणि कंबरेचा लवचिक भाग सुरू होतो, त्या सांध्यावर, म्हणजे बाराव्या आणि कंबरेच्या पहिल्या मणक्यावर हा घाव बहुधा बसतो.

आता हात लावा

तपासणी दारापासून सुरू होते. रुग्ण कसा चालत आला, एका बाजूला कलून आला का, खुर्चीवर बसताना हात टेकले का, हे पाहा. मग त्याला टाचांवर चालवा. ते जमत नसेल तर एल-४ आणि एल-५ कडे लक्ष द्या. चवड्यांसाठी वेगळी युक्ती लागते. पोटरीचा स्नायू इतका बळकट असतो की खाटेवर हाताने दाबून त्याचा अशक्तपणा कळत नाही, म्हणून भिंतीला बोटे लावून एका पायावर दहा वेळा टाच उचलायला सांगा. सहाव्या-सातव्या वेळी टाच उचलेनाशी झाली आणि दुसऱ्या पायावर दहाही वेळा सहज उचलली, तर एस-१ ची खूण मिळाली. उकिडवे बसून हात न टेकता उठता आले तर मांडीचे स्नायू, म्हणजे एल-३ आणि एल-४, ठीक आहेत.

उभ्यानेच पाठ पाहा. टोक, बाक, एका बाजूला वळलेला कणा, कंबरेच्या खाली पायरीसारखा खोलगट भाग, हे सगळे नजरेला आणि बोटाला कळते. प्रत्येक मणक्यावर अंगठ्याने दाबत जा आणि शंका आली तर मुठीने हलके ठोका. पुढे वाकताना बोटे जमिनीपासून किती वर राहिली हे पाहणे पुरेसे नाही, कारण खुब्यातून वाकूनही बोटे खाली पोचतात. कंबरेखालच्या खळग्यांच्या पातळीपासून १० सेंटिमीटर वर आणि ५ सेंटिमीटर खाली खूण करा. पूर्ण वाकल्यावर हे १५ सेंटिमीटरचे अंतर २० किंवा त्याहून अधिक व्हायला हवे. दाहाच्या आजारात ते वाढत नाही.

मग रुग्णाला उताणे झोपवा. सरळ पाय उचलण्याच्या चाचणीइतकी घाईने आणि चुकीने केली जाणारी दुसरी चाचणी मी पाहिलेली नाही. गुडघा सरळ ठेवून टाच तुमच्या तळहातावर घ्या, पाय सावकाश वर न्या आणि नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर ठेवा. ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली जाणारी, त्याची ओळखीची कळ आली तरच चाचणी सकारात्मक म्हणायची. मांडीच्या मागे नुसता ताण आला तर ते स्नायू आखडलेले असतात. खात्री करायची असेल तर कळ येते तिथून पाय थोडा खाली घ्या आणि पाऊल वरच्या दिशेने वाकवा. नस दबली असेल तर कळ परत येते. चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली तर गादी सरकल्याची शक्यता फार वाढते. दुखणे मांडीच्या पुढच्या बाजूला असेल तर रुग्णाला पालथे झोपवून, गुडघा वाकवून मांडी मागे उचला. ती एल-२ ते एल-४ यांची चाचणी आहे.

ताकद शून्य ते पाच (पाच म्हणजे पूर्ण ताकद) अशी मोजा आणि दोन्ही बाजू एकापाठोपाठ पाहा. खुबा वाकवणे एल-२, गुडघा सरळ करणे एल-३, पाऊल वर उचलणे एल-४, पायाचा अंगठा वर उचलणे एल-५, पाऊल खाली दाबणे एस-१. यांतला अंगठा कधीही विसरू नका, कारण एल-५ ला भरवशाचा प्रतिक्षेप नाही आणि तिचा पुरावा बहुधा या एका बोटात असतो. संवेदना पोटरीच्या आतल्या बाजूला एल-४ ची, पावलाच्या वरच्या भागावर आणि अंगठ्याच्या बेचक्यात एल-५ ची, पावलाच्या बाहेरच्या कडेला एस-१ ची. गुडघ्याचा प्रतिक्षेप एल-३ आणि एल-४ चा, घोट्याचा एस-१ चा. म्हातारपणी घोट्याचे प्रतिक्षेप दोन्हीकडे नसू शकतात. एकाच बाजूचा गेला असेल तरच त्याला वजन द्या. दोन्ही पावले मोज्यासारखी बधिर असतील तर कण्याआधी मधुमेह आणि बी-१२ यांची चौकशी करा.

मान, आणि चपलेचा प्रश्न

मानेतून हातात येणाऱ्या कळेची पातळी बोटे सांगतात: अंगठ्यात मुंग्या असतील तर सी-६, मधल्या बोटात सी-७, करंगळीत सी-८. त्याला बायसेप्स (सी-५, सी-६) आणि ट्रायसेप्स (सी-७) यांच्या प्रतिक्षेपांची जोड द्या. पण मानेत खरी जोखीम मज्जारज्जू दबण्याची असते, आणि ते दुखणे फारसे दुखत नाही. बाई सांगते की भाकरी थापताना बोटे वळत नाहीत. माणूस सांगतो की शर्टाची बटणे लागत नाहीत आणि अंधारात तोल जातो.

अशा वेळी मी एक प्रश्न न चुकता विचारतो: "चप्पल पायातून निसटते का, आणि निसटली की कळते का?" एल-५ ची नस गेलेल्या माणसाचे पाऊल लटकते, चप्पल निसटते, पण तळव्याची जाण असल्याने ते त्याला कळते. मज्जारज्जूचा मागचा भाग दबलेल्या माणसाची चप्पल मागे राहते आणि तो अनवाणी पुढे निघून जातो. हे उत्तर मिळाले की हाताच्या मधल्या बोटाचे नख टिचकावून अंगठा आत वळतो का पाहा, घोटा झटक्याने वर वाकवून पाऊल थरथरते का पाहा, तळपायावर किल्ली ओढा आणि एका रेषेत टाचेला चवडा लावून चालवा. कंबरेचा एमआरआय घेऊन आलेल्या अशा रुग्णाला मानेचा एमआरआय लागतो.

कण्यापलीकडची कारणे थोडक्यात. खुबा आतल्या बाजूला वळवल्यावर जांघेत दुखले तर दोष खुब्यात शोधा. कुशीतून जांघेकडे येणारी, माणसाला जागेवर स्वस्थ बसू न देणारी कळ मूत्रखड्याची असते, आणि उन्हाळ्यात ती आपल्याकडे पुष्कळ दिसते. एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होत असेल तर दोन दिवसांनी नागिणीचे फोड उठतात का पाहा. वयस्कर धूम्रपान करणाऱ्याच्या पोटावर हात ठेवून धडधडणारा गोळा लागतो का, तेही पाहावे.

लिहा, आणि मग पिशवी उघडा

केसपेपरवर "पाठदुखी, एसएलआर पॉझिटिव्ह" (एसएलआर म्हणजे सरळ पाय उचलण्याची चाचणी) एवढे लिहिणे पुरत नाही. "उजवा पाय ४० अंशांवर, कळ पावलापर्यंत, उजव्या अंगठ्याची ताकद ४, डाव्याची ५, उजव्या अंगठ्याच्या बेचक्यात संवेदना कमी, घोट्याचे प्रतिक्षेप दोन्हीकडे समान, लघवी व्यवस्थित, बसण्याच्या जागेची संवेदना व्यवस्थित. अंदाज: उजवी एल-५ नस" असे लिहा, खाली तारीख आणि वेळ घाला. आता फिल्म पाहा. एल-४ आणि एल-५ यांच्यामध्ये उजवीकडे गादी आलेली असेल तर दोन्हींचा मेळ बसला. ती डावीकडे असेल तर फिल्म आणि माणूस जुळत नाहीत. अशा वेळी पुन्हा माणसाला तपासा आणि केवळ फिल्मच्या आधारावर कुणालाही शस्त्रक्रियेसाठी पाठवू नका.

धोक्याची खूण नसलेल्या रुग्णाला पहिल्या काही आठवड्यांत एमआरआयची गरज बहुधा नसते, कारण बहुतेकांचे दुखणे सहा आठवड्यांत उतरते आणि पायात उतरलेल्या कळाही अनेकांच्या दोन-तीन महिन्यांत शमतात. त्याला खाटेवर पडून राहायला न सांगता, झेपेल तेवढे चालते ठेवा. दोन आठवड्यांनी परत बोलावून तोच अंगठा पुन्हा तपासा आणि आकडा जुन्या आकड्याशेजारी लिहा. ४ चा ३ झाला असेल तर दुखणे कमी झाले आहे असे तो सांगत असला तरी त्याला सर्जनकडे पाठवा. आणि तो उठून निघताना, त्याच्या घरच्या भाषेत, सोबतच्या माणसालाही ऐकू जाईल असे सांगा: लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाय लुळा पडू लागला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच रात्री या.